सोनाची आणि माझी कावीळ

मी बरा झालो आहे, हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याने माझी काळजी करू नये. गेल्या महिन्यापासून मी पुन्हा कॉलेजात जातो आणि खाणावळीतली तिखट आमटीही मला पचते. माझी धाकटी बहीण सोना मात्र याच आजारात गेली. आजार एक होता, घर एक होते, पाणीही एकच होते असे मी लिहिणार होतो. पण पाणी एक नव्हते. ते पुढे येईलच.

हे लिहावे की नाही, यावर मी पुष्कळ दिवस घोटाळलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मराठी चौथीच्या पुढे गेलेले नाही. घरातले दुःख कागदावर मांडणे आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, आवडेल की नाही याची मला खात्री नाही. तरी लिहितो. एखाद्या घरात कोणी काविळीने पडलेले असेल आणि त्याच घरात दिवस गेलेली लेक किंवा सून असेल, तर त्या घरातल्या कोणाच्या तरी हाती हे पडावे, एवढीच इच्छा आहे.

*

नाताळच्या सुट्टीत वसतिगृहातले आम्ही सहाजण राजगडावर गेलो होतो. मी काटेवाडीचा, शेतकऱ्याचा मुलगा. उसाच्या मोळ्या खांद्यावरून वाहिलेला. चढणीवर मी सर्वांच्या पुढे असेन असे सगळ्यांनी धरूनच ठेवले होते, आणि खरे म्हणजे मीही. पण मी सगळ्यांत मागे राहिलो. पायांत त्राण नव्हते. वर पोहोचल्यावर देवळात मुक्काम केला.

पहिल्या सकाळी माझ्या खोलीतला सोबती वसंत स्टोव्ह पेटवून चहा करीत होता. रॉकेलचा वास नाकात गेला आणि पोट ढवळून आले. मी धावत तटाकडे गेलो आणि ओकलो. काही पडले नाही, नुसते कडू पाणी.

वसंत कोकणातला. तो म्हणाला, "आमच्याकडे लोकांना बोट लागते. तुला तर गड लागला की रे!"

सगळे हसले, मीही हसलो. दुपारपर्यंत ओसरले. दुसऱ्या दिवशी उठताच पुन्हा तेच. या वेळी चहाचा, मग कोणी उघडलेल्या चिवड्याच्या डब्याचा वास सहन होईना. तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव. मी उजाडायच्या आधीच उठून लांब जाऊ लागलो, म्हणजे कोणी पाहू नये. ब्राह्मणांच्या मुलांना गड चढवतो आणि मला, कुणब्याच्या पोराला, चढवत नाही याची मला लाज वाटत होती. ही लाज किती क्षुल्लक होती ते आता कळते, पण त्या वेळी ती मळमळीपेक्षा मोठी होती.

तिसऱ्या सकाळी लघवी पाहिली. काळ्या चहासारखी. तेव्हा मी भ्यालो. वसंतला सांगितले, तर तो पहिल्यांदाच थट्टा न करता म्हणाला, "तू घरी जा."

*

दौंडहून बारामतीची छोटी गाडी पकडली. तार मिळाल्यामुळे आबा स्टेशनावर बैलगाडी घेऊन आले होते. माझ्याकडे एकदा पाहिले आणि घरी न नेता गाडी सरळ दवाखान्याकडे वळवली.

डॉक्टरांनी मला खिडकीशी उभे केले. अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढली आणि आबांना जवळ बोलावले. "हे पाहा. कातडीवर पाहायचं नसतं, आपल्या लोकांची कातडी फसवते. डोळ्याच्या पांढऱ्यात पाहायचं. कावीळ आहे."

आबा वाकून पाहू लागले. माझ्या डोळ्यात इतक्या जवळून त्यांनी लहानपणापासून पाहिले नसेल. मला एकच विचारायचे होते, आणि आबांना ते ऐकू येऊ नये म्हणून मी इंग्रजीत विचारले, की मी यातून वाचेन का. डॉक्टर मोठ्याने मराठीत म्हणाले, "मरत नाहीस. पण महिनाभर आडवा पडून राहशील. आणि पाणी उकळून प्यायचं. दिवाळीला घरी होतास ना? तुमच्याकडे पिण्याचं पाणी कुठलं?"

"पाटाचं," आबा म्हणाले. "कालव्याचं वाहतं पानी हाय, सायेब. वाहत्या पान्याला काय हुतंय?"

"हे होतंय," डॉक्टर माझ्याकडे बोट करून म्हणाले.

आठ दिवस मी दवाखान्यात होतो. पाच खाटा, चुन्याची भिंत, सकाळी झाडू मारल्यावर फिनेलचा वास आणि त्या वासाने माझी उलटी, हा दिवसाचा आरंभ. मग कंपाउंडर यायचा. औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी कातरून चिकटवलेली असे, एका खाचेइतके एका वेळी. एकदा मी कडू लागते म्हणालो, तर तो म्हणाला, "गोड पाहिजे तर गुऱ्हाळावर जा. हितं कडूच मिळतं." तरी दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या घरून एका उसाची कांडकी करून आणली आणि कागदात गुंडाळून उशाशी ठेवली. त्या आठवड्यात पोटात राहिलेली पहिली गोष्ट ती.

*

मी घरी आलो तेव्हा सोना माहेरी आलेली होती. ती अठरा वर्षांची. इंदापूर तालुक्यात निरवांगीला दिलेली. सातवा महिना सरत आला होता, पहिलटकरीण, म्हणून बाळंतपणाला आली होती. खरे तर आठ दिवसांनी तिची ओटी भरायची होती. आई म्हणाली, "लेकरू आजारी हाय, अशात कसला सोहळा? नवव्यात भरू." माझ्यासाठी ते पुढे ढकलले गेले.

मी ओसरीला खाटेवर, आणि ती दिवसभर माझ्याभोवती. तांदूळ निवडायचे तर माझ्या खाटेशी येऊन निवडणार.

"दादा, भिंतीला टेकू नगं. आबांनी दिवाळीला चुना लावलाय, पिवळा हुईल."

"गप बस. थकवा आहे मला."

"'आहे' म्हंतोय! आई, तुझा ल्योक पुन्याला जाऊन 'आहे' म्हनाया लागला!"

असे तिचे चाले. वडिलांच्या विधवा बहिणीने, म्हणजे आत्याने, इंदापूरकडून एका माणसाकरवी काविळीची माळ आणवली होती. कसल्याशा काड्यांची, डोक्यावर ठेवायची; कावीळ उतरत जाते तशी माळ वाढून खाली उतरते, असे म्हणतात. मी कॉलेजातला म्हणून आधी नको म्हणालो, मग आत्याचा चेहरा पाहून घातली. सोना रोज सकाळी माळ कुठवर आली ते मोजायला यायची. "आज कानापोतर आली. नवऱ्यामुलाची मुंडावळीच जणू. आता दादाचं लगीन लावून टाका." मला हसू आले की पोटात दुखायचे, तरी हसायचो. त्या महिन्यातले बरे दिवस म्हणजे हेच.

माझ्यासाठी आई वेगळ्या तांब्याच्या हंड्यात पाणी उकळून ठेवायची. त्या हंड्याला कोणी हात लावायचा नाही. आमच्याकडे उकळलेले पाणी म्हणजे आजाऱ्याचे पाणी. जसे औषध, तसे ते. सोनाने एकदा त्यातला घोट घेतला आणि थुंकून टाकला. "धुराचा वास येतुया. तूच पी बाबा." आणि रांजणातले पाटाचे गार पाणी प्याली. मी पाहत होतो. पाणी कशाने बाधते ते डॉक्टरांनी माझ्यासमोरच सांगितले होते. पण ते पाणी तिलाही बाधेल, हे माझ्या मनातच आले नाही. मी इंटरच्या वर्गात शिकतो, आणि ते माझ्या मनात आले नाही.

*

महिन्याने मी हिंडू-फिरू लागलो. एका सकाळी मी परसात तोंड धूत होतो, तेव्हा गोठ्यामागून ओकण्याचा आवाज आला. सोना होती. पदराने तोंड पुसत आली.

"काय झालं?"

"काय न्हाय. आईनं फोडनी टाकली, वास आला." मग हसली. "दादा, तुला व्हायचं तसंच वाटतंय रं. तोंडात खिळा धरल्यावानी."

मी जागच्या जागी उभा राहिलो. खिळा. लोखंड. ही चव मी कोणाला सांगितली नव्हती.

मी आत गेलो आणि आत्याला, चाचरतच, म्हणालो, "आत्या, सोनाला उलट्या होतात. तिला काविळीची..."

आत्याने मला वाक्य पुरे करू दिले नाही. "डोहाळं हायती तिचं. एखादीला शेवटापोतर ऱ्हात्यात. तुझ्या आईला तू पोटात असताना नवव्यापोतर व्हतं." आणि मग आवाज खाली आणून, "बाईमान्साच्या गोष्टीत पुरुषानं त्वांड घालू नगं. कालिजात ह्येच शिकवत्यात व्हय?"

मी गप्प बसलो. आमच्याकडे भाऊ बहिणीला अशा दिवसांत तब्येतीचे काही विचारत नाही. आबा तर तिच्यासमोर यायचेही टाळायचे, ती ओसरीवर आली की ते खाकरून गोठ्याकडे जायचे. हा मान आहे, आणि तो खोटा नाही. त्यात प्रेमच असते. पण त्या मानामुळे तिच्या तोंडाकडे नीट पाहणारा घरात एकही पुरुष नव्हता. आणि ज्या बायका पाहत होत्या त्यांना आनंद झाला होता. उलटी झाली की त्या हसायच्या. "मुलगा हाय बग, छळतोय!"

दुसऱ्या दिवशी तिला विचारावे म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. लघवीचा रंग कसा आहे, हे विचारायचे होते. बहिणीला हे कोणत्या शब्दांत विचारतात? मी दारात उभा राहिलो. ती म्हणाली, "काय पायजे?" मी म्हणालो, "पाणी." तिने उठून मला माझ्या हंड्यातले पाणी दिले.

*

सहा दिवसांनी तिची ओटी भरली. सकाळपासून घरात बायकांची गर्दी. हिरवे लुगडे, हिरवा चुडा, आणि आल्या-गेल्या सवाशिणीने तिच्या गालाला, हाताला, कपाळाला हळद लावलेली. आत्या विधवा, ती उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळे सांगत होती, "नारळ उजव्या अंगाला... आता खारका." मी ओसरीच्या कोपऱ्यातून पाहत होतो.

एक शेजारीण म्हणाली, "सोना नाव ठिवलं त्ये आज शोभलं बग. नुसती सोन्यावानी पिवळीजर्द दिसतीया. तेज आलंय पोरीला."

सगळ्या हसल्या. सोनाने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. दहा हातांवरून मला तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसला. मला वाटले तो पिवळा आहे. आणि लगेच वाटले, अंगभर हळद आहे, उजेड परसदारातून येतो आहे, तुला सगळीकडे कावीळच दिसते. दोन पावले पुढे जाऊन पाहता आले असते. बायकांच्या त्या घोळक्यात मी गेलो नाही.

त्यानंतर दोन दिवस ती फार झोपू लागली. "थकली," आई म्हणाली. तिसऱ्या सकाळी उठवायला गेली तर सोना आईला ओळखीना. आईला तिने "आत्याबाई" म्हटले, सासूला ती तसे म्हणायची, आणि दळण झाले का विचारले.

तेव्हा मी कोणालाही न विचारता आत गेलो. तिचे डोके मांडीवर घेतले, पापणी ओढली. पांढरे कुठेच नव्हते.

*

छकड्यात घालून आम्ही तिला बारामतीला नेले. डॉक्टर तेच, खिडकीही तीच. त्यांनी विचारले, "उलट्या कधीपासून?"

आत्या म्हणाली, "डोहाळं व्हतं, सायेब."

डॉक्टर तिच्यावर रागावले नाहीत. मला ते रागवायला हवे होते. त्यांनी मला बाजूला घेतले आणि सांगितले की हीच कावीळ पोटुशा बाईला फार वाईट असते. इतरांना महिना झोपवते, तिला घेऊन जाते.

तिचे यजमान शंकरराव दुसऱ्या दिवशी निरवांगीहून सायकलवरून आले. धुळीने माखलेले. तिच्याजवळ बसले, दोनदा हाक मारली. तिने डोळे उघडले, पण पाहिले नाही. बाळ त्याच दिवशी गेलेले जन्मले. मुलगा होता. तिसऱ्या सकाळी सोना गेली. कंपाउंडर, जो मला हसवायचा, तो खिडकी लावायला आला आणि नुसता खिडकीला धरून उभा राहिला.

पुढे एकदा मी डॉक्टरांना विचारले, की पहिल्या दिवशी आणली असती तर? ते बराच वेळ शाईची दौत फिरवीत बसले. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर काविळीवर माझ्यापाशीही फारसं औषध नाही. विसावा मिळाला असता. पाणी चांगलं मिळालं असतं. वाचली असती असं मी म्हणणार नाही, आणि वाचली नसती असंही म्हणणार नाही." या उत्तराचा मी अजून उपयोग करू शकलेलो नाही, ना समाधानासाठी, ना शिक्षेसाठी.

घरी आता सगळेच उकळलेले पाणी पितात. आत्या रोज पहाटे उठून ते स्वतः उकळते, दुसऱ्या कोणाला करू देत नाही. तिने मला काही म्हटले नाही आणि मीही तिला काही म्हटले नाही. आई एकदा म्हणाली, "तुला ठाऊक व्हतं का रं?" मी म्हणालो, "वाटत होतं." तव्यावरची भाकरी करपली तरी तिच्या ध्यानात आले नाही.

*

कॉलेजात परतण्याआधी मी निरवांगीला गेलो. शंकररावांना सांगायचे होते. कोणी सांगितले नव्हते, आणि मी सांगितले नसते तर त्यांना कधीच कळले नसते.

ते मळ्यात वांगी खुरपत होते. मला पाहून खुरपे खाली ठेवले, हात धुतले, बांधावर बसायला घोंगडी टाकली. मी सगळे सांगितले. गोठ्यामागचे, आत्याचे, स्वयंपाकघराच्या दारातले, ओटीच्या दिवसाचे. सांगताना मी त्यांच्याकडे पाहिले नाही. मला वाटले ते मारतील, किंवा जा म्हणतील. दोन्ही मी सोसले असते.

त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिले. मग म्हणाले, "तुमास्नी बी हीच झालती."

"हो."

"मंग तुमास्नी ठाव असंल. मला कुनी सांगितलंच न्हाय. तिला कसं व्हत असंल?"

मला समजले नाही. मी म्हणालो, "कसं म्हणजे?"

"म्हंजी लई दुखत असंल का? सकाळी उठल्यावर काय व्हत असंल? मी हितं व्हतो. मला काय ठाव."

तेव्हा मी त्यांना सांगितले. दुखत नाही, म्हणालो, पोटात उजवीकडे नुसते जड वाटते, ओल्या पोत्यासारखे. जाग येते तेव्हा पहिले दोन क्षण काही नसते, मग ते वर येते. अन्नाचा वास नको होतो, आपल्या आवडीचा तर जास्तच. कोणी हसवले तर बरे वाटते. भीती वाटते, पण सारखी नाही. मी लहान-लहान गोष्टीही सांगितल्या. त्यांनी एकदाही मला थांबवले नाही. मध्येच ते म्हणाले, "आन् दिसभर असंच?"

"नाही. दुपारी ओसरतं. दुपारी दोन-तीन तास अगदी बरं वाटतं."

"अगदी?"

"अगदी. काही झालंच नाही असं."

त्यांनी खुरपे उचलले, त्याची माती अंगठ्याने काढली.

"दोन-तीन तास," ते म्हणाले. "रोज?"

"रोज," मी म्हणालो.

"हां," ते म्हणाले, आणि पुन्हा वाफ्यात उतरले.